बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

नागपूरला नोकरीवर निघाले तेव्हा आसेगावला माय एसटीच्या खिडकीशी उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "काच लावून बस, वारं लागन." सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारंजापर्यंत मी काच लावूनच बसले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. रक्ताचं पातळ द्रावण, पंप, स्टॉपवॉच. हवा काढून घेतली की रक्त जांभळट, सोडली की पापणी लवायच्या आत लाल. प्राणवायू रक्ताला पटकन धरतो, पटकन सोडतो. कोंडल्या खोलीत जळणाऱ्या कोळशाचा विषारी वायू मात्र त्याची जागा अडवून तासन्‌तास बसतो. हे मी रोज मोजून वहीत लिहायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात धाकटी बहीण कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली, म्हणून रजा काढून गेले. तिच्या खोलीत खिडकीला गोधडी, दाराला गोधडी, बाजेखाली कोळशाची शेगडी. मीही तासभर तिथंच बसले.

"ताई, डोकं फुटून राह्यलं," कमल म्हणाली.

"ओली बाळंतीण हायेस. दुखनच," माय म्हणाली.

मलाही पटलं. त्याच शेकावर आम्ही वाढलो होतो. शेगडीवर संशय कोण घेणार? मग तान्ही दूध ओढेना. कमल हाकेला ओ देईना. पोरीला उचलायला उठले आणि माझेच गुडघे वाकले. तेव्हा कळलं, वहीत लिहायचे तोच वायू या खोलीत भरला होता.

गोधड्या ओढून काढल्या. पोरीला अंगणात आणलं, मग बाबांना बोलावून बाज बाहेर घेतली.

"तिले वारं लागलं तं कोन निस्तरन? दोन बुकं काय शिकली, माय अडानी झाली काय?" माय ओरडली.

सुट्टीवर आलेली मुलगी पाहुणी असते. तिनं शेगडी हलवायची नसते. गाव सोडलेल्या बायकांना हे सांगायला नको.  तो वायू रक्ताला किती वेळानं सोडतो हे प्रयोगशाळेत घड्याळ लावून पाहायचे, तेच अंगणात बसून पाहिलं. दिवस कलला तेव्हा कमलनं पाणी मागितलं. पोरगी दूध प्यायली. माय मी निघेपर्यंत बोलली नाही.

आता माय नागपूरला माझ्याकडेच असते. थंडीत ती खिडकी लावते, मी चार बोटं उघडते, ती पुन्हा लावते. कंटाळा येतो. पण घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे.

कमलची तीच पोरगी यंदा बाळंतपणाला माहेरी, कमलकडे, आली आहे. परवा मायनं माझ्याकडून कमलला पत्र लिहून घेतलं.

"लिही. शेक द्या. पन दार उघडं ठेवजा."

मी मान वर केली. तोवर ती उठून माझी खिडकी लावत होती.