सिनेमात नसलेली आई

सातपूरच्या बसथांब्यामागे जुनी पुस्तकं विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याने मला कसं फसवलं ते मी विसरणार नाही. अंबडला स्वतःचा कारखाना उभा करताना लोखंडापासून चहापर्यंत कुठलीही वस्तू मी समोरच्याने सांगितलेल्या भावात घेतली नाही. हा मात्र भावाचं बोलणं निघालं की पुस्तकावर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि आपण दमायची वाट बघतो.

त्या दिवशी एका गाजलेल्या सिनेमावरून लिहिलेली कादंबरी मी उचलली.

“सिनेमा बघितलाय मी. म्हणजे हे शिळं अन्न. अर्ध्यात दे.”

त्याने डोळे न उघडताच विचारलं, “सिनेमात खलनायकाची आई होती का, शेठ?”

“नव्हती.”

“पुस्तकात हाय. लय खमकी बाई.”

“काय करते?”

“वाचा की!”

मी चक्क पूर्ण भाव देऊन पुस्तक घेतलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं, पण आई कुठेच आली नाही. दुसऱ्या दिवशी तणतणत जाऊन पुस्तक त्याच्यापुढे आपटलं.

“कुठाय आई?”

“शेवटपर्यंत वाचलं?” तो खूश झाला. “शिळं होतं तर मधेच टाकायचं ना, शेठ.”

त्याने दुसरी तसलीच कादंबरी पुढे सरकवली.

“यात नायिकेचा मामा हाय.”

मामा नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“करतो काय मामा?” मी विचारलं.

त्याने पुस्तकावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.