तिसऱ्या ओळीआधी

आमच्या ओट्यावर एक मिक्सर आहे आणि मला त्याचा राग येतो. हसायचं तर हसा. इतकी वर्षं झाली, त्यात चटण्या वाटल्या, इडलीचं पीठ काढलं, मुद्दाम भिजवलेले कडक हरभरेसुद्धा घातले, पण मेला बिघडत नाही. बक्षिसात मिळालेला आहे. कसा मिळाला ते सांगते.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या एका क्लबमध्ये रविवारी संध्याकाळी हाऊजी असायची, आणि आकडे मी पुकारायचे. कापडी पिशवीत हात घालायचा, सोंगटी काढायची, माइकवर आकडा सांगायचा, लोकांनी आपापल्या तिकिटावर तो खोडायचा. क्लबमधल्या बायका म्हणायच्या, "वहिनींचा आवाज किती छान, अगदी रेडिओवरच्यासारखा." रेडिओ कसला डोंबल! माझं माहेर मखमलाबादकडचं, गुलाब-झेंडू पिकवणारं. तो आवाज वडिलांबरोबर फुलबाजारात पाट्यांमागे उभं राहून, गिऱ्हाइकं ओरडून ओरडून बोलावताना कमावलेला. पण क्लबमध्ये हे मी कधी सांगितलं नाही. नवरा इंजिनिअर, घर कॉलेज रोडला, एवढंच सांगायचे.

क्लबवाल्यांची एक युक्ती होती. फुल हाऊसचा, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे खोडायचा खेळ अर्ध्यावर आणून थांबवायचा आणि मध्ये गाणंबजावणं ठेवायचं. कुणाचे तीन आकडे राहिलेले, कुणाचा एकच, त्यामुळे कोणी उठून जायचं नाही. कलाकाराला भरलेला हॉल मिळायचा, पण ऐकायला कोण बसलेलं असायचं?

त्या रविवारी नेहमीचा ऑर्केस्ट्रा आला नाही. ऐनवेळी कुणीतरी देवळाली कॅम्पातले एक म्हातारे गृहस्थ शोधून आणले. मनमाडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, रिटायर होऊन देवळालीला राहत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, हातात जुनी गिटार. माइक लावता लावता त्यांनी मला विचारलं, "बाई, आकडे तुम्हीच काढणार ना?"

"हो."

"मग तुम्हालाच सांगतो." त्यांनी मागं, किचनच्या दाराजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. फिकट निळ्या साडीतल्या एक बाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. "माझी मिसेस. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझं वाजवणं कधी ऐकायला आली नाही. आज आणलीय. तिच्यासाठी एक गाणं बनवलंय, घरात म्हणायला जीभ उचलत नाही."

"कसलं गाणं?"

"ब्लूज म्हणतात. लय सोपं असतं. एकच ओळ दोनदा म्हणायची, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही. मग तिसऱ्या ओळीत काय ते सांगून टाकायचं." मग म्हणाले, "तेवढं तिसऱ्या ओळीपर्यंत थांबा, बाई."

"थांबते की. तुमचं गाणं झाल्याशिवाय पिशवीत हात घालणार नाही," मी म्हणाले. कुणी शपथ घ्यायला लावली नव्हती. माझ्याच तोंडानं म्हणाले.

आधी त्यांनी एक इंग्रजी गाणं म्हटलं. डाव्या हाताच्या करंगळीत औषधाची छोटी काचेची बाटली घातली होती, ती तारांवरून सरकवली की गिटार चक्क माणसासारखी कण्हायची. इंग्रजीतलं मला निम्मं कळलं नाही. पण माझे वडील गेले तेव्हा मला रडता आलं नव्हतं, ते रडू तिथं पिशवी हातात धरून उभी असताना आलं. क्लबमध्ये इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी ऐकत होते. हॉलमध्ये बटाटेवड्याच्या बशा फिरत होत्या.

मग त्यांनी मागच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हटलं, "गाडी टायमावर आली, मी घरी उशिरा आलो." ओळीनंतर गिटारनं उत्तर दिलं. मी मागं पाहिलं. त्या बाईंचा पर्सच्या बटणाशी चाललेला चाळा थांबला होता.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. ठेक्यात, एकसारख्या. म्हाताऱ्यांना वाटलं, लोक ताल धरतायत. ते हसले हो! बुटानं ठेका धरला, आणि दुसऱ्यांदा म्हटलं, "गाडी टायमावर आली, मी घरी उशिरा आलो."

टाळ्या तालासाठी नव्हत्या. "नंबर! नंबर!" सुरू झालं. टाळ्यांची सुरुवात कुठून झाली ते मला स्टेजवरून स्वच्छ दिसलं होतं. तिसरं टेबल. आमचे हे. त्यांचा एकच आकडा राहिला होता.

क्लबचे सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "वहिनी, लोक खोळंबलेत. काढा पटकन." आणि मी काढला. का काढला, याची पुष्कळ कारणं मी स्वतःला नंतर सांगून पाहिली. खरं कारण एकच. मला भीती वाटली. या लोकांना नाही म्हटलं तर त्यांना एकदम कळेल, ही आपल्यातली नाही, ही झेंडूवाल्याची मुलगी आहे.

"सत्त्याहत्तर!" मी माइकवर म्हणाले. फुलबाजारातला आवाज तो. त्याच्यापुढे गिटार काय टिकणार? त्यांनी तारांवर पालथा हात ठेवला. "हाऊस!" करून आमचे हे खुर्चीवरून उडाले. वहिनींनी मिक्सर घरातच ठेवला म्हणत सगळा हॉल हसला. मीही हसले.

त्या बाई उठून दाराशी उभ्या राहिल्या होत्या. म्हाताऱ्यांनी गिटारला खोळ घातली. जाताना मला म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा, बाई." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

घरी मी कडाडले. हे म्हणाले, "अगं, मला काय माहीत? सगळेच वाजवत होते. आणि मिक्सर आला की नाही घरी?" आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. देवळाली काय, अर्ध्या तासावर. माफी मागायला जाऊ जाऊ म्हणत सात वर्षं घालवली, आणि दर रविवारी आकडे पुकारत राहिले.

मग एका रविवारी सेक्रेटरींनी माइक घेऊन सांगितलं, "आपल्या क्लबचे लाडके कलाकार..." म्हातारे गेले होते. लाडके! एकदा बोलावलं, ते गाणंही पुरं होऊ दिलं नाही, आणि म्हणे लाडके. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. ती दोन मिनिटं मात्र कोणी टाळी वाजवली नाही. लगेच सेक्रेटरींनी पिशवी माझ्यापुढे धरली. मी ती टेबलावर उपडी केली. सोंगट्या बशांत गेल्या, वड्यांवर गेल्या, खुर्च्यांखाली गेल्या. "आता तुम्हीच वेचा," म्हणाले आणि बाहेर पडले. पुन्हा गेले नाही.

दुसऱ्या दिवशी देवळालीला गेले. दार त्या बाईंनीच उघडलं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, चहा केला. गिटार कॉटखाली होती, तीच खोळ. "त्या दिवसानंतर काढलीच नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी विचारायचे, पुढं काय होतं? म्हणायचे, राहू दे, तिथं जमत होतं, इथं नाही जमत."

तिसरी ओळ काय होती, हे विचारायलाच मी गेले होते. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. तेवढ्यात त्या बाईच खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या.

"त्या दिवशी सुरू करायच्या आधी ते तुमच्याशी बोलत होते, मी मागून पाहिलं. तिसरी ओळ तुम्हाला सांगितली होती का?"

मी नाही म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं नसावं, किंवा ऐकायचं नसावं.

"तिसरी ओळ तुम्हाला सांगितली होती का?" त्यांनी पुन्हा विचारलं.