कुंपणापलीकडचा भोपळा

माझ्या सासऱ्यांनी पिकलेला टोमॅटो कधी घरी आणला नाही. आणायचे ते हिरवे, दगडासारखे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे. झाडावर पिकू दिले तर चोर नेणार, असं त्यांचं म्हणणं. चोर कोण, ते हंगामाप्रमाणे बदलायचं. मुळ्याच्या दिवसांत पोस्टमन, काकडीच्या दिवसांत समोरच्या तुकड्यावरचा न्हावी, आणि बारा महिने शेजारच्या नर्सबाई.

तुकडा म्हणजे पाण्याच्या टाकीमागची जागा. नगरपालिकेनं तिथल्या जमिनीचे चाळीस तुकडे पाडून लोकांना भाजी लावायला दिले होते. आमचा तुकडा आमच्या बैठकीच्या खोलीएवढा असेल नसेल, पण अवजारांच्या पेटीला कुलपं दोन आणि झारीला साखळी. टाकीमागचे लोक सासऱ्यांना कुलूपकाका म्हणायचे. हे नाव कोणी पाडलं असेल यावरही त्यांचा संशय दोघातिघांवर होता.

सदतीस वर्षं त्यांनी धान्याचं गोदाम सांभाळलं. तिथली एक मर्दुमकी मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. दोन हमाल पोती लांबवायचे. जे पोतं न्यायचं त्याच्या कानाला दिवसा पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे पाळी बदलल्यावर साथीदाराला शोधत बसायला नको. सासऱ्यांनी तो दोरा हेरला, गुपचूप सोडला आणि भुसा भरलेल्या पोत्याला बांधला. दोघे भुशाचं पोतं पाठीवर घेऊन जाताना फाटकात सापडले. "दोरा दिसला की माल गेलाच समज, सूनबाई," असं ते जेवताना सांगायचे आणि मी भात वाढायची.

भोपळा मात्र सासूबाईंचा. चपटा, राखी सालीचा, आतून गर्द केशरी. त्याचं बी त्यांना आईकडून मिळालेलं, आईला तिच्या आईकडून. सासऱ्यांनी कांदे लावावेत, वाटाण्याला काड्या द्याव्यात, घेवड्यावर पहारा करावा. भोपळ्याला त्या हात लावू द्यायच्या नाहीत. दरवर्षी त्यांचा एक वेल नेमका नर्सबाईंच्या तुकड्यात शिरायचा, आणि दरवर्षी सासरे घर डोक्यावर घ्यायचे, की तिकडे लागलेला भोपळा आता आपल्याला दिसत नाही. सासूबाई म्हणायच्या, वेलाला काय हद्द कळते? आणि हसायच्या. त्या हसण्यात काही आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, चोवीस तास संशय घेणाऱ्या माणसाच्याही नाही.

एका थंडीत सासूबाई गेल्या. कपाटातल्या डब्यात त्यांची बियांची पुडी होती. थंडी सरल्यावर सासऱ्यांनी त्यातलं निम्मं बी लावलं. त्या वर्षी नर्सबाई लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होत्या, त्यामुळे सासऱ्यांच्या मते भोपळे सुखरूप राहिले. सगळ्यांत मोठ्या भोपळ्याचं बी त्यांनी स्वतः धुऊन वाळवून ठेवलं. पुढच्या वर्षी तेच लावलं, आणि वेलांना भलतंच काहीतरी लागलं. लांबोडकं, हिरव्या पट्ट्यांचं, आत पाणचट.

झालं. शंकेची पाल चुकचुकली. त्यात नर्सबाई परत आल्या होत्या. त्यांनी त्यांच्या बाजूनं डोकावून सांगितलं, की हा वहिनींचा भोपळा नव्हे. सासरे घरी आले ते खटला जिंकल्यासारखे. बी बदललंय हे हिला कसं कळलं? ज्यानं बदललं त्यालाच कळणार! मी म्हटलं, बाबा, पट्टे तर मलाही दिसतात. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन दिवस बियांचा डबा त्यांच्या उशाशी होता.

तिसऱ्या वर्षी त्यांनी दोन तुकड्यांच्या मध्ये छातीएवढी तारेची जाळी ठोकली. पुडीत सासूबाईंच्या हातच्या सात बिया उरल्या होत्या. त्या त्यांनी आमच्या खिडकीत मातीच्या पेल्यांत लावल्या. चार उगवल्या. ते पेले दिवसातून दहादा फिरवायचे, ऊन सगळीकडून लागावं म्हणून. "हे गेले की ती गेली, सूनबाई," ते एकदा म्हणाले. एवढं उघड ते कधी बोलत नसत. मी त्यांच्यावर चिडायचं काही दिवस थांबवलं.

ऊन तापलं, वेल पसरले, फुलं आली. एका सकाळी सासरे टाकीमागून पळतच घरी आले. फुलांच्या तोंडाला पांढरा दोरा! सगळ्या फुलांना नाही, ज्यांच्या खाली बारीक भोपळा धरलेला होता नेमक्या त्यांनाच. त्यांनी लगेच गोदामातला डाव टाकला. दोरे सोडले आणि सुकलेल्या पानांच्या देठांना बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी नवीन फुलांना नवीन दोरे. त्यांनी तेही सोडले. असं तीन आठवडे चाललं. वेलांवर दहाबारा भोपळे धरले, एकही चोरीला गेला नाही, आणि चोर एवढा धीर धरतोय म्हणजे मोठा बेत असणार, असं सासऱ्यांनी ठरवलं.

शेवटी एका पहाटे त्यांनी मला उठवलं. साक्षीदार हवा म्हणाले. आम्ही टाकीच्या खांबाआड उभे राहिलो. उजाडताना नर्सबाई आल्या, आमच्या वेलांत वाकल्या. दातांत दोऱ्याचा तुकडा, हातात पाकळ्या काढलेलं एक फूल.

सासरे पुढे झाले. हमालांशी बोलले असतील त्याच थंड आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, दोरा कशाला?"

नर्सबाई दचकल्या नाहीत. त्यांनी दातांतला दोरा काढला. "म्हणजे रोज सोडत होता ते तुम्हीच?" त्या म्हणाल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. "मला वाटलं, न्हाव्याची पोरं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मधमाश्या न्हाव्याच्या पट्टेरी भोपळ्याचा पराग आणतात. भोपळा दिसतो तसाच धरतो, पण बी बिघडतं, आणि ते कळतं पुढच्या वर्षी. म्हणून उद्या उमलणारं फूल आदल्या संध्याकाळी बांधायचं, सकाळी सोडून आपल्याच वेलाचं नरफूल त्यावर फिरवायचं आणि पुन्हा बांधायचं. सासूबाई वर्षानुवर्षं हेच करायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी ते नर्सबाईंवर सोपवलं. बाळंतपणाच्या वर्षी बांधायला कोणी नव्हतं, त्याचे ते पट्टे. आणि यंदा बांधलेलं प्रत्येक फूल सासऱ्यांनी माश्यांना मोकळं करून दिलं होतं.

सासरे वेलांकडे बघत राहिले. दहाबारा भोपळे, आणि एकाच्याही बियांचा भरवसा नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"वहिनींनी नको म्हटलं होतं." नर्सबाईंनी दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळला. "बियाण्याचा भोपळा वेल वाळेपर्यंत ठेवावा लागतो. ह्यांना तेवढा धीर नाही म्हणायच्या, चोराच्या भीतीनं कोवळाच तोडतील. म्हणून दरवर्षी एक वेल माझ्याकडे सोडायच्या."

"चाळीस वर्षांत तिनं माझ्यापासून काही लपवलं नाही."

"भोपळा लपवला," नर्सबाई म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ज्या एकाच माणसावर त्यांनी जन्मात कधी संशय घेतला नव्हता, ते माणूस त्यांच्यापासून जपून वागत होतं, आणि तेही त्यांच्याच स्वभावापायी. मला त्यांची फार दया आली.

नर्सबाई उठल्या आणि आम्हाला वळसा घालून त्यांच्या बाजूला घेऊन गेल्या. आमचा एक वेल जाळी चढून पलीकडे उतरला होता. त्यांनी पान बाजूला केलं. खाली मुठीएवढा चपटा भोपळा होता आणि त्याच्या टोकाला वाळकं फूल चिकटलेलं, दोऱ्यासकट. हा तुम्हाला दिसला नाही म्हणून वाचला, असं त्या म्हणाल्या. सासरे वाकले, दोऱ्याकडे हात नेला, आणि हात मागे घेऊन खिशात घातला.

पुढचे तीन महिने ते रोज जाळीपाशी जाऊन उभे राहायचे. आपल्या बाजूचे भोपळे त्यांनी टाकीमागच्यांना वाटून टाकले, न्हाव्यालासुद्धा दोन. शेवटी वेल वाळला, देठ लाकडासारखा झाला, तेव्हा नर्सबाई स्वतः भोपळा घरी घेऊन आल्या. खिडकीतल्या वर्तमानपत्रावर त्या वर्षी हिरव्या टोमॅटोंऐवजी बिया वाळत पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागून नेलं. संध्याकाळी चष्मा लावून फुलं बांधायचे, सकाळी सोडून पुन्हा बांधायचे. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर ते सगळ्यांत जोमदार वेल उचलून जाळीवरून पलीकडे सोडत होते. पलीकडून नर्सबाई म्हणत होत्या, की आता तुम्हाला सगळं येतं, राहू द्या की तुमच्याच बाजूला.

"नको," सासरे म्हणाले. "इकडे ठेवला तर मी तोडेन."