निघण्याआधीचं एक मिनिट

आमची ग्लाफिरा म्हणजे नुसता तोफखाना. बावीस वर्षं मी त्या बंगल्यातली सफरचंदाची झाडं सांभाळली आणि बावीस वर्षं तिच्या शिव्या खाल्ल्या. बंगला मॉस्कोबाहेर, बर्चच्या रानात. मालक वेनियामिन, निकेलच्या खाणींचा राजा. ग्लाफिराला मात्र तो 'वेन्या'च. शेंबडा होता तेव्हापासून दाई म्हणून तिनंच त्याला रव्याची खीर भरवून वाढवलेला.

वर्षातून दोनदा देश चालवणारे 'वरचे' सगळ्या धनवंतांना बोलवायचे. लांबच लांब टेबल, एका टोकाला ते एकटे. तिथून आला की वेन्या वाफेच्या न्हाणीत जाऊन पडायचा. अंग मोकळं व्हावं म्हणून ग्लाफिरा बर्चच्या डहाळ्यांनी त्याची पाठ झोडायची.

"काय म्हणाले रे?"

"तब्येत विचारली."

"मग घाबरतोस कशाला मेल्या?"

"म्हणूनच, मावशी."

त्या शरदात एका मेजवानीत त्याची जीभ घसरली. युद्ध फार लांबलं, म्हणाला. आठवड्यात त्याच्या कचेरीवर धाड पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन खाली आला. विमान तयार होतं, तासाभरात देशाबाहेर.

"गाडी काढ," तो मला म्हणाला.

ग्लाफिरा दारात आडवी. "न बसताच निघालास?"

लांबच्या वाटेला निघताना आमच्यात सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं. नाहीतर वाट धड लागत नाही.

"मावशी, वेळ नाही गं!"

"मरायला वेळ आहे, बसायला नाही? बस म्हणते ना!"

बसलो. तो बॅगेवर, ती स्टुलावर, मी जोडे घालायच्या बाकावर. बाहेर धुकं इतकं दाट, की खिडकीत झाडंच उरली नव्हती. कुठंतरी एक सफरचंद गवतात पडलं. आपण तिघं पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटत होतं मला. वेन्याचे डोळे मिटले, मान कलली. कित्येक रात्री जागा होता बिचारा.

मिनिट झालं. रीतीनं आधी वडीलधाऱ्या ग्लाफिरानं उठायचं. ती उठली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसली. मी खुणावलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. झोपू दे जरासा.

मग फाटकाशी खडी वाजली. दोन काळ्या गाड्या.

त्यांनी त्याला कोटही नीट घालू दिला नाही. जाता जाता तो तिच्या गालाला हात लावून म्हणाला, "काय झोप लागली गं, मावशी!"

अकरा वर्षांची शिक्षा झाली. बंगल्याला सील लागलं. ग्लाफिरा आता शहरात नातीकडे असते.

मार्चमध्ये भेटायला गेलो, तर नात लांब कझानला निघालेली. रीत म्हणून पोरगी स्टुलावर टेकली. म्हातारीनं तिचा दंड धरून खसकन उठवलं.

"ऊठ! नीघ! बसायचं नाही!"

"अगं आजी, एकच मिनिट—"

"पळ म्हणते ना!"

दार लावून ती त्याच स्टुलावर बसली. मी शेजारी बसलो. बराच वेळ बसलो. आम्हाला कुठंच जायचं नव्हतं.