घरावरची निळी पाटी

आमच्या घरावर सध्या एक निळी पाटी आहे. 'आगरी बांधणीचं जुनं घर. जाळी आणि ओटा मालकांच्या पूर्वजांनी स्थानिक पद्धतीने बांधला.' मजकूर माझा. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्याचा हा असा उपयोग झाला.

खरं तर आमचे पूर्वज भात लावायचे आणि कुडाच्या घरात राहायचे. वडिलांनी पक्कं घर बांधलं ते खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकायला. तेव्हा भिवंडीत नव्या घरांच्या भिंती बघता बघता तडकायच्या, कारण लूम चालू झाले की अख्खं घर थरथरायचं. आझमगडहून आलेला एक विणकर आमच्याकडे कामाला होता. त्याने लूमचा पाया घराच्या पायापासून वेगळा खणायला लावला आणि मधल्या फटीत वाळू भरली. पश्चिमेला उंचावर विटांची जाळी रचली, त्याच्या गावाकडे असते तशी. उजेड यायचा, पण सुतावर ऊन पडायचं नाही. ड्युटी सुटलेल्यांना टेकायला दाराशी ओटा केला. आई आधी कुरकुरली, मग स्वतःच तिथे भाजी निवडत बसू लागली.

पुढे लूम भंगारात गेले. शेजारची घरं पडली, आमचं उभं राहिलं, म्हणूनच पालिकेच्या वारशाच्या यादीत आलं आणि त्यावर पाटी लागली. पाटीच्या मजकुरात मी विणकराबद्दल एक ओळ लिहिली होती. धाकटा भाऊ म्हणाला, "ताय, घर आपल्या बापाचं हाय. भायेरच्यांचं कशाला लिवतेस?" मी ओळ खोडली. घरात वाद नको म्हणून खोडली, असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. 'पूर्वजांनी' हा शब्द वाचून मलाही बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात तो विणकर दारात उभा राहिला. पार थकलाय. इथेच भिवंडीत, टेमघरला चाळीत एकटा राहतो. ती चाळ पाडणार आहेत, आणि दुसरी खोली हवी असेल तर इथे किती वर्षं आहात याचा पुरावा आणा, असं कार्यालयातून सांगितलंय. आमच्या घरावर पाटी लागल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाला, "बिटिया, फोटो खींच दो, ऑफिस में दिखाऊँगा. और पढ़ के सुनाओ, मेरा क्या लिखा है."

मी अख्खी पाटी वाचून दाखवली.

त्याने मान वर करून जाळीकडे पाहिलं. "जाली तो मैंने बनाई थी," तो म्हणाला. मी विसरले असेन, असंच त्याला वाटलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाचा, मैं लिख के देती हूँ. आपने ही बनाया, सही करके देती हूँ."

"चिट्ठी तो तुम दे दोगी, बिटिया," मोबाइल खिशात ठेवत तो म्हणाला. "मगर साहब जाँच करने आएगा, तो यही पढ़ेगा."