माहेरच्या नावाने सापडलेली

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला कोणी सरळ विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. विद्यापीठात भूगोल शिकवण्यात माझी सगळी हयात गेली. निवृत्तीनंतरही एक काम अंगाला चिकटलं, ते म्हणजे बाहेरगावाहून प्रशिक्षणाला आलेल्या प्राध्यापकांना रविवारी फिरवून आणणं. सकाळी नांदूर मधमेश्वरचे पक्षी, दुपारी वणीचा गड, वेळ उरला तर परतताना पंचवटी. पाहुणे हात जोडायचे, मी घड्याळ बघायचो. दर्शन हा माझ्या लेखी सहलीतला एक थांबा होता, चहासारखाच.

गेली काही वर्षं बायकोची स्मृती हळूहळू जात होती. आधी किल्ल्या, मग गॅसचं बटण, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. मी मास्तर माणूस, मी रोज परीक्षा घ्यायला लागलो. आज वार कोणता, मी कोण, आपला मुलगा कुठे असतो? उत्तर चुकलं की तिचा चेहरा कसनुसा व्हायचा आणि माझा आवाज चढायचा. मला तिला परत आणायचं होतं, दुसरं काही नाही. ती रोज थोडी थोडी लांब जात होती आणि मी तिचा पदर धरून ओढत होतो. घरी एकटं ठेवता येईना, म्हणून रविवारच्या सहलीला तिलाही बसमध्ये बसवू लागलो. खिडकीतून ती कांद्याची शेतं बघायची. तिचं माहेर सटाण्याकडचं.

त्या रविवारी आम्ही गडावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ट्रॉलीने वर गेलो, दर्शन झालं. बाहेर मोकळ्या जागेत मी पाहुण्यांना नेहमीचं सांगत होतो की देवीची मान जरा कलती आहे, समोरच्या डोंगरावरचं मार्कंडेय ऋषींचं पारायण ती ऐकतेय असं लोक मानतात. एका बाईंनी काहीतरी शंका विचारली, मी रंगात येऊन उत्तर दिलं. वळून बघतो तर बायको नाही.

आधी वाटलं, इथेच असेल. मग पाहुणे पांगले. काही ट्रॉलीकडे गेले, काही पायऱ्या उतरले, मी मंदिराला दोनदा वळसा घातला. हिरवी साडी, राखाडी शाल, जो दिसेल त्याला हेच सांगत सुटलो. गर्दी होती, आणि गर्दीत हिरव्या साड्यांना काय तोटा! कठड्याच्या पलीकडे कडा सरळ खाली गेलेला दिसला तेव्हा मात्र मी मागे सरलो. कडे कसे तयार होतात हे मी जन्मभर शिकवलं, पण त्या कड्याकडे मला बघवेना.

खाली चौकशीच्या खोलीत ध्वनिक्षेपक होता. तिथल्या माणसाने शांतपणे नाव विचारलं, मी सांगितलं. सगळ्या गडावर आवाज घुमला, "शैलजाताई, नाशिकहून आलेल्या शैलजाताई, जिथे असाल तिथून चौकशी खोलीजवळ यावं." पुन्हा घुमला, पुन्हा. कोणी आलं नाही. बसचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "सर, घाट अंधारात नको. पण तुम्ही काळजी नका करू, मॅडम भेटल्याशिवाय गाडी हलत नाय." त्याच्या या बोलण्याने धीर यायच्याऐवजी मला रडूच आलं.

मी बाहेरच्या ओट्यावर बसलो. तिथे बसून आयुष्यात पहिल्यांदा देवीला काही मागितलं. म्हटलं, तिला आण. कशीही आण. मला ओळखलं नाही तरी चालेल.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत असावी.

"काय व्हयनं, भाऊ?" तिने विचारलं. बोली सटाण्याकडची, माझ्या सासूची.

मी सगळं सांगितलं. बायकोची स्मृती गेली आहे, हेही सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनं माहेरनं नाव काय शे?"

आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितो, टाळ्या पडतात, पेढे वाटतात. शैलजा मी लिहिलं होतं, मला आवडायचं म्हणून. त्याआधी ती यमुना होती. हे नाव तिचा भाऊ असेपर्यंत त्याच्या तोंडून कानावर पडायचं, नंतर कोणी घेतलंच नाही.

"यमुना," मी म्हटलं.

"मंग ते नाव ल्या ना."

मी खोलीत धावलो. माईकवरचा माणूस जरा चमकला, पण त्याने पुकारा केला. यमुना, सटाण्याकडची यमुना. मीही न विचारता माईकजवळ तोंड नेऊन म्हटलं, "यमू, इकडे ये."

थोड्याच वेळात पायऱ्यांच्या बाजूने ती चालत आली. एकटी, घाई नाही, भीती नाही, हातात झेंडूची दोन फुलं. दारात उभी राहून म्हणाली, "कोन बलावस माले?"

मागोमाग फुलवाली आली. तिने सांगितलं ते अजून माझ्या काळजातून जात नाही. बायको तिच्याच दुकानाच्या पायरीवर बसून माळा ओवायला मदत करत होती. प्रत्येक पुकारा तिने ऐकला होता. प्रत्येक वेळी हळहळून म्हणत होती, "बिचारी शैलजा! कोठे गई व्हई?"

माझ्या मुलाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, ती म्हातारी देवीच असणार." मला माहीत नाही. मी तिला चहा पाजला तेव्हा तिने साखर कमी म्हणून परत पाठवला आणि दुसरा मागवला. ती आपल्या गावच्या बायकांबरोबर जीपने आली होती, जीप तिच्यासाठी खोळंबली होती. जीपवाला चिडला होता. त्या वेळी, त्या ओट्यावर तिला कोणी बसवलं, याचा हिशोब मी लावत बसलो नाही. वर मंदिराच्या दिशेने हात जोडले, एवढंच. त्या वेळी घड्याळ बघितलं नाही.

बायको आणि म्हातारी आपल्या बोलीत गप्पा मारत बसल्या होत्या, जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा. इतकं सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत मी नव्हतो. परक्या पुरुषासमोर सावरतात तसा तिने पदर सावरला.

मी कोण, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

"तुमनं गाव कोनतं?" तिनेच विचारलं.

"नाशिक."

"दूर शे."

"दूर आहे खरं," मी म्हटलं. "पण गाडी आहे. येता का आमच्यासोबत?"

आमचं लग्न ठरलं तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिच्या वडिलांनी होकार दिला, आमच्याकडून नारळ गेला आणि ती आली. आता मी विचारलं होतं. ती नाही म्हणाली असती तर? पण तिचा हात धरायला मी पुढे झालो नाही. नुसता उभा राहिलो.

तिने म्हातारीकडे बघितलं. म्हातारी आपली पिशवी आवरत होती. मग बायकोने माझ्याकडे नीट, सावकाश बघून घेतलं आणि म्हणाली, "चाला."