कापसाचा काटा

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आंजीजवळच्या वावरात दिवस बुडता बुडता कापूस मोजणं चालू होतं. निंबाच्या फांदीला काटा टांगलेला. वेचणाऱ्या बायांची गाठोडी एकामागून एक चढत होती. माझ्या नातीचा नंबर आला. मी तिचं गाठोडं उचललं तसा मालक म्हणाला, “बुढ्या, गाठोडं राहू दे. पोट्टीलेच टांग. कापसापेक्षा तेच जास्त भरते.”

सारे हसले. आमच्या वस्तीच्या बायाही.

नात एकोणीस वर्षांची. खाली मान घालून उभी.

तिला बीजांडकोशाचा आजार. पीसीओएस म्हणतात. महिनोन्महिने पाळी येत नाही, अंग वाढत जातं, हनुवटीवर केस येतात. वर्ध्याच्या डॉक्टरबाईनं सांगितलं होतं, “गोळ्या घे, रोज चाल, बेतानं जेव. पण उपाशी राहू नको बाई.” चालायला ती अंधार पडल्यावर नाल्याच्या पांदणीनं, वावरांमधल्या आडवाटेनं, जायची. वावरात राबणाऱ्या पोरीनं वर आणखी नुसतं फिरावं, याचंही गावाला हसू.

त्या दिवसापासून तिनं ताट सरकवलं. “भूक नाई, आबा.”

मायबाप नसलेली पोर. मी दोन वर्ग शिकलेला. आजाराचं भेव होतंच, त्याहून जास्त त्या सरकवलेल्या ताटाचं. दुपारी जरा पडली तरी तिच्या नाकापुढं हात धरून पाहायचो.

आठवड्यानं ती काट्याखालीच पडली. हात गार. डोळे पांढरे. बाया पाणी मारत होत्या. मालक म्हणाला, “आता उचलाले बैलबंडी आणा.”

तिनं डोळे उघडले. मग मी उठलो. फांदीवरचा काटा काढला, मालकाच्या पायाजवळ ठेवला. ज्याला जन्मभर ‘मालक, तुम्ही’ म्हटलं त्याला म्हणालो, “हा कापसाचा काटा होय. माह्या नातीले यावर मोजू नको. तुह्या वावरात आता आम्ही पाय ठेवत नाई.”

साऱ्यांनी पाहिलं. पाहू दे.

तिला दवाखान्यात सलाईन लावून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर थापली, पालकाची भाजी केली. दोन ताटं वाढली. “तू घास घेशीन तवा मी घेईन.” दोन्ही ताटं गार झाली. शेवटी तिनं घेतला.

जेवल्यावर ती नाल्याकडं वळली. “आबा, तिकून जाऊ. लोक पाह्यतात.”

“इकून,” मी म्हणालो. तिचा हात धरला आणि भर उजेडात मालकाच्या दारापुढून चालत नेलं. तो ओट्यावर दात घासत होता. मी पाय वळवला नाही.